आप्पा सकपाळांचा बुधवार

मार्च अर्धा सरला की आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर 'सुप्रभात'ची फुलं मागे पडतात आणि शिबिरं सुरू होतात. रोबोटिक्स, अबॅकस, घोडेस्वारी, व्यक्तिमत्त्व विकास, गॅस न पेटवता स्वयंपाक, आणि हे सगळं पंधरा दिवसांत. प्रत्येक जाहिरातीत तीच तीन मुलं हसत असतात, दोन मुली आणि एक चष्मेवाला मुलगा. ती स्वतः कुठल्याच शिबिराला जात नसावीत, कारण त्यांना हसण्यातूनच सवड नाही. परवा दुसऱ्या मजल्यावर नवीन राहायला आलेली एक तरुण आई मोबाइल घेऊन माझ्या दारात उभी राहिली. "ताई, यातलं चांगलं कुठलं? आणि परवडणारं?" माझ्या तोंडून निघून गेलं, "बुधवारी जाऊन बघ." ती माझ्या तोंडाकडे बघतच राहिली. मग तिला आत घेतलं, चहा टाकला आणि तिला आप्पा सकपाळांची गोष्ट सांगायला बसले.

आप्पा आमच्याच बिल्डिंगमध्ये पहिल्या मजल्यावर राहायचे. कळंबोलीतल्या चार मजली, बिनलिफ्टच्या जुन्या इमारती असतात ना, त्यातली आमची एक. मी तिसऱ्या मजल्यावर. त्यामुळे भाजीची पिशवी घेऊन वर चढताना पहिला थांबा आप्पांच्या दाराशी व्हायचा. दार सताड उघडं, दारात प्लास्टिकची खुर्ची, खुर्चीत आप्पा. अंगात पूर्ण बाह्यांचा पांढरा शर्ट, गळ्यापर्यंत बटणं लावलेली, खाली पट्ट्यापट्ट्यांचा लेंगा. मूळ गाव महाडच्या बाजूला, पण आयुष्य गेलं फळबाजारात, आधी जुन्या आणि तो हलल्यावर वाशीच्या. तिथे चौतीस वर्षं ते एका आंब्याच्या गाळ्यावर कामाला होते. व्यापारी नव्हते आणि हमालही नव्हते. आलेली पेटी उघडायची आणि माल कसा आहे ते सांगायचं, एवढंच त्यांचं काम. शेठ भाव बोलायचा तो आप्पांच्या चेहऱ्याकडे बघून.

या नोकरीने त्यांचा अंगठा कामातून गेला होता. समोर येईल ती वस्तू तो दाबून बघायचा. पाव, उशी, चपलेचा तळ, शेजारच्या बाळाचा गाल. माझ्या पिशवीतलं वांगं तर ते न विचारता दाबायचे आणि "भाजीवाल्यानं फसवला तुला" असं म्हणून परत ठेवायचे. फसवलं असेल तर निदान वर पोचेपर्यंत तरी कळू नये, असं मला फार वाटायचं.

"पेटीचा वरचा थर बघायचाच नाय, बाय," ते सांगायचे. "वरचा थर सगळेच चांगला लावतात. त्यात लबाडी नाय, रीतच हाय ती. आपण हात घालायचा तो मधल्या थरात."

निवृत्त झाल्यावर लोक देवळात जातात, विहारात जातात, नाहीतर बागेत हास्यक्लबात जातात. आप्पा मुलांची शिबिरं बघायला जायचे. कोणी सांगितलं नव्हतं, कोणी पैसे देत नव्हतं. शिबिराचा सोमवार म्हणजे वरचा थर, त्या दिवशी आईबाप सोडायला येतात. शेवटचा दिवसही वरचाच थर, तेव्हा नाच आणि प्रमाणपत्रं असतात. मधला थर म्हणजे बुधवार. म्हणून आप्पा बुधवारी, दुपारी बाराच्या सुमाराला, न कळवता जायचे.

माझी आणि त्यांची खरी ओळख त्यातूनच झाली. आम्ही नुकते राहायला आलो होतो. नवरा पुण्याजवळ पुलाच्या कामावर, पंधरा दिवसांनी घरी यायचा. मी इथल्या लोखंड बाजारात एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात बिलांच्या टेबलावर. ईशा सात वर्षांची. शाळेला सुट्टी लागली की दोन महिने हिला ठेवायचं कुठे, हा प्रश्न माझ्या डोक्यात जानेवारीपासून सुरू व्हायचा. सासूबाईंना स्वतःलाच जिना उतरवत नव्हता आणि माहेरी वहिनी नोकरीवर. शेवटी खारघरचं एक शिबिर ठरवलं. फी माझ्या निम्म्या पगाराच्या आसपास, पण कागद इतका गुळगुळीत होता की आत काहीतरी असणारच, असं वाटलं. तो हातात घेऊन जिना चढत होते तर आप्पांनी हात पुढे केला.

"दाखव."

त्यांनी कागद अंगठ्याने दाबला. मग नाकाशी नेला. "वास चांगला हाय," म्हणाले. "बुधवारी गेलीस?"

तिथल्या पहिल्या तुकडीचं शिबिर सुरू झालेलं होतं, ईशाचं नाव दुसऱ्या तुकडीत घालायचं होतं. म्हणून बुधवारी अर्धी रजा टाकून मी आप्पांबरोबर खारघरला गेले. एका नव्या इमारतीचा पहिला मजला, काचेचं दार, आत गारवा. मी सरळ रिसेप्शनकडे निघाले तर आप्पांनी दंडाला धरून मागे ओढलं. आधी ते वॉचमनशी दहा मिनिटं गावाकडच्या गप्पा मारत बसले. मग जिन्यात फरशी पुसत असलेल्या मावशींशेजारी पायरीवर टेकले.

"मावशी, दुपारी पुसायला काय काय सापडतं हो?"

"काय सापडणार?" मावशी म्हणाल्या. "काय नाय. चांगली हायेत पोरं, जागची हलत पण नायत."

आप्पांनी माझ्याकडे बघितलं. "ऐकलंस? जिथं पोरं काय सांडत नायत, तिथं काय करत पण नायत."

पॅसेजमधल्या काचेतून आम्ही आत डोकावलो. वीस मुलं मांडी घालून टीव्हीवर कार्टून बघत होती. सर खिडकीशी फोनवर बोलत होते. जाहिरातीतला रोबोट काचेच्या कपाटात होता आणि कपाटाला कुलूप होतं. तेवढ्यात रिसेप्शनची मुलगी आली. "सर, अपॉइंटमेंट घेतलीये का तुम्ही?"

"नाय मॅडम," आप्पा अगदी अदबीने म्हणाले. "अपॉइंटमेंट घेतली की वरचा थर दिसतो."

ती मुलगी बिचारी गोंधळली. आप्पांचे थर म्हणजे ती कुठल्या तरी बिल्डिंगचे मजले समजली असावी, कारण तिने फ्लॅटची चौकशी शेजारच्या ऑफिसात होते असं सांगितलं. आम्ही खाली आलो. मला रडू यायला लागलं होतं, पैसे वाचल्याचं नव्हे, तर दोन महिने पुन्हा मोकळे झाल्याचं. आप्पांनी उसाचा रस पाजला आणि म्हणाले, "शिबिर नंतर बघू. तुझी पोर कशी हाय ते सांग आधी."

ही त्यांची दुसरी रीत. कुठलं शिबिर चांगलं, असं ते कधीच सांगायचे नाहीत. कुठलं मूल, ते विचारायचे. त्यांच्या डोक्यात पनवेलपासून वाशीपर्यंतची अशी ठिकाणं होती की ज्यांची जाहिरात कुणी केली नव्हती. कामोठ्यात एक शिंपीण सकाळी दोन तास मुलांना शिवण शिकवायची, मुलगे असले तरी. एका वाचनालयात दुपारी पंख्याखाली फुकट बसता यायचं आणि तिथली बाई गोष्ट अर्ध्यावर थांबवून उद्या या म्हणायची. एक निवृत्त नर्सबाई जखम कशी बांधायची ते शिकवायच्या. कबड्डीचे एक सर होते, ते फी म्हणून दररोज चार केळी घेऊन यायला सांगायचे आणि ती मुलांनाच खायला घालायचे. आप्पा ही सगळी ठिकाणं एकदा तरी बुधवारी बघून आले होते. मात्र चांगल्या शिकवणाऱ्याशी त्यांनी फीवरून घासाघीस केलेली मी पाहिली नाही. "चांगल्या माणसाचा भाव पाडला तर तो पुढच्या मोसमाला येत नाय," हे त्यांचं म्हणणं.

ईशाच्या बाबतीत मात्र त्यांचा अंदाज साफ चुकला. तिच्या दंडाला हात लावून ते म्हणाले, "घट्ट हाय पोरगी, कबड्डीत घाल." तीन दिवस ईशा रडत गेली आणि रडत आली. तिला कुणी अंगावर आलेलं सोसत नाही हे तिच्या आईला ठाऊक होतं, पण आईने आप्पांच्या अंगठ्यावर भरवसा ठेवला होता. चौथ्या दिवशी आप्पा तीन मजले चढून वर आले, ईशासमोर जमिनीवर बसले आणि कान धरले. "माझी चूक झाली. कच्चा आंबा मी दाबला. तू नाय रडायचं, मी रडतो." आणि त्यांनी इतका भोंगा पसरला की ईशा हसायला लागली.

मग त्यांनी तिला म्हात्रे सरांकडे नेलं. म्हात्रे सर रोडपालीचे, तिथल्या मूळ आगरी घरातले, शाळेतून निवृत्त झालेले चित्रकलेचे मास्तर. घरामागे पत्र्याची शेड, तिथे मातीचे गोळे, लाकडाचे तुकडे, रंधा, पितळी डबे. ते पाचसात मुलांना हौसेखातर शिकवायचे. आप्पांनी तिथे बुधवारी काय बघितलं कुणास ठाऊक, पण परत येताना म्हणाले, "काल केलेलं काम त्यानं टाकलं नव्हतं. पोरांची वाकडीतिकडी भांडी ओळीनं ठेवली होती, नावं घालून." तेवढ्यावरून त्यांनी ठरवलं की आमच्या कॉलनीतली मुलं इथेच यायला हवीत.

एवढ्या मुलांचं ऐकून म्हात्रे सर घाबरले. "आवरी पोरां? आनि माझी बायको काय बोलंल? माती, पानी, खाऊ, कोन देनार?"

"फी घ्या," आप्पा म्हणाले.

"आरं, फी कोनाला किती सांगू? तुझ्या कालनीन दुकानवाला पन हाय नि रिक्षावाला पन हाय."

याच्यावरचा तोडगा आप्पांना मिळाला दोन दिवसांनी, आणि ज्या तऱ्हेने मिळाला ते मी विसरणार नाही. आमच्या शेजारच्या विंगमधली रेखा, रिक्षावाल्याची बायको, स्वतः तळोज्याला पॅकिंगच्या कामावर जाणारी. आप्पांनी तिला तिच्या दोन मुलींबद्दल विचारलं. ती चप्पल घालता घालता म्हणाली, "नको आप्पा, शिबिर बिबिर आमाला कुठं परवडतंय. टीव्ही हाय ना घरात. मी बाहेरून कुलूप लावून जाते, म्हणजे टेन्शन नाय."

आप्पा खुर्चीतून उठले. "कुलूप नाय लावायचं!" ते ओरडले. सगळा जिना दणाणला. "ऐकतेस ना? कुलूप नाय लावायचं!" रेखा पांढरीफटक पडली. मीही वरच्या पायरीवर थांबले. त्या माणसाचा आवाज चढलेला मी त्याआधी कधी ऐकला नव्हता आणि नंतरही नाही.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. आप्पांनी सगळ्या आयांना म्हात्रे सरांच्या शेडमध्ये बोलावलं आणि खिशातून मोठा रुमाल काढला. फळबाजारात पूर्वापार असे सौदे होतात. दोघांचे हात रुमालाखाली, बोटं धरून भाव सांगायचा, शेजारी उभ्या असलेल्याला काही कळत नाही. आप्पांनी आम्हाला पाच मिनिटांत ती खूण शिकवली. मग एकेकीने पुढे यायचं, रुमालाखाली हात घालायचा, आपल्याला जमेल तेवढी बोटं दाबायची. पैसे नंतर बंद पाकिटात, पाकिटावर नाव नाही. बेरीज आप्पांच्या डोक्यात, आणि म्हात्रे सरांना फक्त शेवटचा आकडा. कुठल्या मुलाच्या आईने किती दिले ते सरांनाही कळायचं नाही.

"आमच्या गावान आसला येवार कोनी केला नाय!" म्हात्रे सर हसत होते, पण डोळे पुसत होते.

रेखा सगळ्यांत शेवटी आली. तिचा हात रुमालाखाली किती वेळ होता आणि तिथे काय झालं ते आम्हाला दिसलं नाही. आप्पांचा चेहरा ढिम्म. चौतीस वर्षं पेट्यांवर वाकून त्यांनी तो तसा केलेला होता. "झाला सौदा," एवढंच ते म्हणाले. माझा नंबर आला तेव्हा मात्र त्यांनी माझं एक बोट परत माझ्या मुठीत मिटवलं आणि पुटपुटले, "उगा मोठेपणा नको." मला राग आला आणि बरंही वाटलं.

परत येताना बसस्टॉपवर मी त्यांना विचारलं, रेखावर एवढे का चिडलात. ते रस्त्याकडे बघत बोलायला लागले.

"सुट्टी म्हणजे आमचा मोसम. एप्रिल, मे. शेठ रजा देयाचा नाय आणि आमाला मागायची सवय पण नव्हती. बायको कंपनीत. सुनंदा आठ वर्षांची. चार उन्हाळे मी बाहेरून कुलूप लावून जायाचो. चावी माझ्या खिशात. घरात जेवण, पाणी, सगळं ठेवून. मला वाटायचं, किती नीट करतो आपण."

सुनंदा त्यांची एकुलती एक मुलगी. मी तिला दोनचारदा पाहिलं होतं.

"खिडकीसमोर मैदान होतं. तिथं शिबिर चालायचं, दर वर्षी. पोरं खेळायची, गाणी म्हणायची. ती गजाला धरून बघत बसायची. मी दुपारी येऊन आडवा व्हायचो, ती सांगायला यायची, आप्पा, आज त्यांनी हे केलं, आज ते केलं. मी म्हणायचो, उद्या बघू. झोप यायची गो मला." ते थांबले. "नंतर कळलं, ते फुकट होतं. कामगारांच्या पोरांसाठीच होतं. चार वर्षं, समोर. मी रोज शंभर पेट्या उघडून बघायचो आणि रस्ता ओलांडून चौकशी नाय केली."

माझ्याही मनात त्या वर्षी कुलपाचा विचार येऊन गेला होता.

सुनंदा आता खारघरला राहते, उंच टॉवरमध्ये, एका मोठ्या कंपनीत चांगल्या जागेवर. महिन्यातून एकदा यायची. आईच्या फोटोला हार, आप्पांची औषधं, त्यांचं बीपी मोजून वहीत नाही, मोबाइलमध्ये टिपायची आणि निघायची. बोलणं नीट, वागणं नीट. भांडण नव्हतं. भांडण असतं तर आप्पांना बरं वाटलं असतं. मात्र तिचा मुलगा अर्णव, तोही आठ वर्षांचा, तिने आप्पांकडे कधी एकटा ठेवला नाही. उन्हाळ्यात तर नाहीच. खारघरचं सगळ्यांत महागडं शिबिर त्याच्यासाठी ठरलेलं असायचं. आणि आप्पा, ज्यांच्या शब्दावर अर्धी कॉलनी आपली मुलं पाठवत होती, त्यांना ती एका शब्दानेही विचारत नसे.

पुढच्या वर्षीच्या एप्रिलमध्ये आप्पांना राहवलं नाही. एका बुधवारी ते त्या शिबिराला गेले. आत गेलेच नाहीत, गेटवर वॉचमनपाशी बसले. संध्याकाळी माझ्याकडे आले तेव्हा चेहरा उतरलेला. मला वाटलं, शिबिर खराब निघालं.

"शिबिर एक नंबर हाय," ते म्हणाले. "वर, मधे, खाली, सगळीकडं चांगलं. अर्णव रंगानं भरला होता पार. खोट काढायला गेलो होतो मी, खरं सांगतो. नाय सापडली."

"मग छान झालं की."

"ऐक. वॉचमन मला बोलतो, ये बच्चे की मम्मी रोज आती है. खाने की छुट्टी में. दस मिनट बाहर खड़ी रहती है, जाली में से देखती है, बच्चे को बुलाती नहीं, चली जाती है. तेवढ्यात ती आलीच. रिक्षातून उतरली, जाळीला बोटं धरून उभी राहिली. तशीच." आप्पांनी आपली बोटं हवेत वाकवून दाखवली आणि हात खाली टाकला. "तशीच उभी राहायची ती खिडकीत."

"तुम्ही भेटलात?"

"टेम्पोमागं लपलो."

"आप्पा!"

"काय तोंडानं भेटू?"

मला त्यांचा फार राग आला. "माझ्या सात वर्षांच्या पोरीसमोर कान धरून बसलात, आणि स्वतःच्या मुलीसमोर टेम्पोमागे?"

"ईशा परकी हाय बाय," ते म्हणाले. "परक्याची माफी मागायला काय लागतं?"

तरी रविवारी ते गेले. मुद्दाम इस्त्रीचा शर्ट घालून गेले. परत आले तेव्हा मी दारातच वाट बघत होते. "सांगितलंत?"

"सांगितलं. बुधवारी आलो होतो, तुझं शिबिर चांगलं हाय."

"आणि बाकीचं?"

"बाकीचं तोंडाशी आलं होतं. पण ती म्हणाली, तुम्ही बघायला गेलात? आत्ता?" आप्पा खुर्चीत बसले. "नंतर चहा दिला. साखर बरोब्बर होती."

त्यानंतर दोन आठवडे खारघरहून फोन नाही. आप्पा दारात बसायचे, पण माझ्या पिशवीतली भाजी दाबत नव्हते. शिबिरं पंधरा दिवसांची असतात आणि सुट्टी दोन महिन्यांची, हे गणित मात्र एकविसाव्या मजल्यावरही चुकत नाही. मे लागला, महागडं शिबिर संपलं, सुनंदाकडची बाई गावाला गेली. एके सकाळी आप्पा धापा टाकत वर आले. तिसऱ्या मजल्यापर्यंत येताना ते दोनदा थांबले असणार. "सुनूचा फोन होता. म्हात्र्यांकडं जागा हाय का विचारते. उद्या घेऊन येते म्हणाली. बाय, मी काय बोलू तिला उद्या?" एखाद्या पोराला परीक्षेच्या आदल्या दिवशी होतं तसं त्यांचं झालं होतं. मी म्हटलं, काही ठरवू नका.

आप्पा त्याच वर्षी दिवाळीच्या आत गेले. झोपेत गेले, कुणाला त्रास दिला नाही. मधल्या महिन्यांत मी त्यांना रोजच पाहिलं असणार, जिन्यात, दारात, दवाखान्यात जाताना. पण ते सगळं पुसट झालंय. मला शेवटचे दिसतात ते म्हात्रे सरांच्या कुंपणाशी.

मी ईशाला सोडायला गेले होते, ऑफिसला उशीर होत होता. अर्णव आत जाऊन पाचच मिनिटं झाली असतील, पण कोपरापर्यंत मातीत होता आणि ईशा त्याला मोठेपणाने काहीतरी शिकवत होती. सुनंदाने रजा टाकली होती. ती गेली नाही. कुंपणापाशी भेंडीच्या डेरेदार झाडाखाली उभी राहिली. तिच्यापासून दोन हात अंतरावर आप्पा. दोघंही आत बघत होते, एकमेकांकडे नाही. म्हात्रे सरांनी मुलांना ओळीत बसवून माती तिंबायला लावली आणि तालात आकडे म्हणायला लावले. मुलं ओरडायला लागली.

सुनंदा बोलायला लागली ती आतच बघत. "आपल्या समोरच्या मैदानात पहिल्या दिवशी सगळ्यांना पिवळ्या टोप्या द्यायचे."

आप्पांनी मान वळवली.

"कुणाची हरवली तर त्याला कागदाची करून द्यायचे. एक जाडा मुलगा होता, त्याला शर्यतीत कुणी घ्यायचं नाही. मग बाई त्याला शिट्टी वाजवायला द्यायच्या. मी त्याचं नाव बंड्या ठेवलं होतं. त्याचं खरं नाव मला कधी कळलंच नाही."

आप्पा म्हणाले, "सुनू, मी चौकशी नाय केली गो."

"माहितीये मला," ती म्हणाली. आवाज कडू नव्हता. "ऐका आता."

मी निघाले. तिथे उभं राहणं बरं नव्हतं आणि पाय निघतही नव्हता. कोपऱ्यावर पोचल्यावर मागे वळून पाहिलं. सुनंदा दोन्ही हात हलवून सांगत होती, बहुधा बंड्या शिट्टी कशी वाजवायचा ते, आणि तिच्या तोंडावर आठ वर्षांच्या मुलीची घाई होती. आप्पा ऊन अंगावर घेत तिच्या पुढ्यात येऊन उभे राहिले होते, आतल्या मुलांकडे पाठ करून. मुलांच्या गलक्यातूनही त्यांचा आवाज मला रस्त्यावर ऐकू आला.

"मग? मग काय झालं?"